हेसुनचं कोण बोललं

बेटावरच्या सोक्पो गावातल्या सुनांमध्ये वाचता येणारी पहिली सून म्हणजे ओक्नाम. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. नवरा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही, आणि त्याच सुमाराला गावात ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. पाळकांच्या बायकोनं या तरुण विधवेला जवळ घेतलं, पवित्र शास्त्र पुढ्यात ठेवलं आणि त्यातल्याच अक्षरांवर तिला वाचायला शिकवलं. दिवसभर समुद्रातून काढलेलं गिम बारीक कापायचं, ते काळं ओलं शेवाळ चटयांवर पातळ पसरून उन्हाला लावायचं, आणि दिवेलागणीनंतर भेगा पडलेलं बोट ओळीखाली सरकवत एकेक शब्द जुळवायचा. असे काही हिवाळे गेले. मग ती इतर बायकांना वाचून दाखवू लागली, आणि पाळकांची बदली झाल्यावर बायकांचा शास्त्राभ्यास आपसूक तिच्याकडे आला.

हा अभ्यास दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी भरायचा. खालून चुलीनं तापवलेल्या जमिनीवर बायका गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. मधे उकडलेल्या रताळ्यांची परात, जवाचा चहा. ओक्नाम ताठ पाठीनं बसून अध्याय वाचायची आणि पुस्तक मिटून विचारायची, "वाचलं ते बरं झालं. आता सांगा, यात तुम्ही कुठे आहात?" बायका खाली बघायच्या. कुणी म्हणायची, मी सासूला उलट बोलले. कुणी म्हणायची, मी शेजारणीच्या वाळवणाच्या जागेत माझी चटई सरकवली. ओक्नाम ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "लपवलेलं पाप म्हणजे कुजलेलं शेवाळ. एवढंसं राहिलं तरी सगळी चटई नासते." तिचा दरारा होता. पण आजाऱ्याच्या दारात पेज घेऊन पहिली तीच उभी राहायची, बाळंतिणीला सूप तीच करून घालायची, म्हणून तिचं बोलणं कुणाला फार लागत नसे.

युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या अभ्यासात हेसुन नावाची एक सून येऊ लागली. ती मुख्य भूमीवरची. गावातल्या एका गिमवाल्याशी लग्न होऊन आलेली, अंगावर पिणारी मुलगी पाठीला बांधून यायची. मुलीचं नाव यॉनसिल. हेसुन कमी बोलायची, पण गाणं सुरू झालं की तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा आणि बाकीच्या जणी आपसूक गप्प होऊन ऐकायच्या. वाचायचीही ती भरभर. ओक्नाम एखाद्या शब्दाशी अडखळली की हेसुन हळूच तो शब्द पुरवायची. ओक्नाम "हं" म्हणून पुढे जायची.

दुसरी एक होती मालिम. ओक्नामपेक्षा लहान, तिची सावली म्हणावी अशी. पण स्वभाव अगदी उलटा. मालिमच्या तोंडाला टाळा नव्हता. समुद्रकाठच्या वाळवणांवर ती असली की तिचं हसणं धक्क्यापर्यंत ऐकू यायचं. कुणाच्या घरी डुकरीण व्याली इथपासून ते कुणाच्या नवऱ्यानं झिंगून स्वतःच्या दाराऐवजी दुसऱ्याचं दार ठोठावलं इथपर्यंत, सगळ्या बातम्या तिच्याकडे. "मालिम, अगं श्वास तरी घे," बायका म्हणायच्या. ती म्हणायची, "श्वास मेल्यावर घेईन, आधी ऐका तर."

एकदा अभ्यास संपल्यावर हेसुन मागे राहिली. ओक्नाम आणि मालिम चहाचे वाडगे धूत होत्या. हेसुन दाराशी बसली आणि खाली मान घालून बोलायला लागली. तिचं आधी एक लग्न झालं होतं. तो नवरा युद्धात गेला. त्याच्यापासून एक मुलगा होता. सासऱ्यांनी सांगितलं, पोर आमच्या वंशाचं आहे, ते राहील, तू तरुण आहेस, तू जा. तिनं पोराला आजीच्या मांडीवर ठेवलं आणि मागे न बघता निघाली. हे इथल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. लग्न जमवणाऱ्या बाईनंच सांगितलं होतं की तोंड उघडू नकोस. "ताई, तुम्ही म्हणता ना, लपवलेलं नासवतं," ती म्हणाली. "मला रोज वाटतं, या मुलीला पाजताना मी त्याचं दूध हिला देते आहे."

मालिम ढसाढसा रडली. ओक्नामनं हेसुनच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला घरी पाठवलं. ही गोष्ट या तिघींतच राहील, असं तिनं हेसुनला सांगितलं होतं.

पण ती राहिली नाही. पहाटेच्या प्रार्थनेनंतर एक दिवस मंडळीच्या देवळाच्या अंगणात दुकानवाल्या आजी भेटल्या. मंडळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ओक्नामसारखी गरीब विधवा त्यांच्याशी बरोबरीनं बोलायला मिळालं की सुखावायची. आजींनी विचारलं, "काय गं, तुझ्या बायकांचं कसं काय चाललंय?" ओक्नाम आवाज खाली आणून म्हणाली, "एकीसाठी जरा विशेष प्रार्थना करा, आजी. हेसुनसाठी. बिचारीनं पहिल्या घरी एक मूल सोडलंय." असं म्हणताना ती मनातल्या मनात स्वतःला सांगत होती की आपण प्रार्थनेसाठीच सांगतो आहोत. पण आजींचे डोळे मोठे झाले, त्या जवळ सरकल्या, आणि आपल्याला माहीत आहे ते त्यांना माहीत नाही या गोष्टीची गोडी ओक्नामच्या जिभेला लागली. मग तिनं सगळंच सांगितलं.

दुकानवाल्या आजी हेसुनच्या सासूच्या नणंद लागत होत्या.

बातमी घरात शिरायला वेळ लागला नाही. सासूनं हेसुनचं गाठोडं अंगणात फेकलं. नवरा कुंपणाशी उभा राहून समुद्राकडे बघत राहिला. आम्हाला फसवून आलीस, म्हणाली सासू, आता हिलाही सोडून जा, तुला सवय आहे. यॉनसिल आत रडत होती. हेसुन दारापर्यंत गेली, तिला आत येऊ दिलं नाही. गाव जमलं होतं, त्यात ओक्नामही होती. हेसुननं तिच्याकडे बघितलं, मग मालिमकडे बघितलं, आणि दुपारच्या होडीनं निघून गेली.

हे कोण बोललं असेल याचा गावाला विचारही करावा लागला नाही. "मालिमच. दुसरं कोण? तिच्या तोंडात पाणी तरी ठरतं का?" दुकानवाल्या आजींना कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, आणि पुढे त्या आपल्या मुलाकडे मुख्य भूमीवर मोक्पोला गेल्या त्या तिथेच वारल्या.

मालिम रडत ओक्नामकडे आली होती. "ताई, तुम्हाला तरी माझं खरं वाटतं ना? मी कुणापाशी नाही बोलले हो."

ओक्नाम गिम कापत होती. तिनं सुरी थांबवली नाही. "देव सगळं जाणतो," ती म्हणाली.

एवढंच. त्या वेळी ती एक शब्द बोलली असती तर निभावलं असतं. पण तो दिवस गेला, मग पुढचा आठवडा गेला, आणि मग तो शब्द दिवसेंदिवस जड होत गेला. उलट, पुढच्याच अभ्यासात तिनं सगळ्यांसमोर प्रार्थना केली की प्रभो, आमच्यातल्या ज्या बहिणीला जीभ आवरली नाही तिला क्षमा कर. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मालिमनंही म्हटलं.

काही वर्षांनी मोक्पोहून येणाऱ्या होडीवाल्यानं निरोप आणला की हेसुन छातीच्या रोगानं गेली. मासळीच्या वखारीत काम करायची म्हणे. मधे एकदा ती मुलीला बघायला बेटावर आली होती, पण सासूनं धक्क्यावरूनच परत पाठवलं होतं.

वर्षं गेली. ओक्नाम मंडळीतली मोठी सेविका झाली. पाळक बदलत राहिले, शास्त्राभ्यास तिच्याकडेच राहिला. आता ती स्वतःही सगळ्यांसमोर कबुली द्यायची. "मी अधीर आहे." "माझ्या मनात अभिमान येतो." बायका म्हणायच्या, एवढी मोठी बाई, पण बघा किती नम्र. ओक्नामला ते ऐकायची सवय झाली होती. अशी पापं सांगणं तिला काही जड जात नव्हतं.

आणि मालिम. मालिम अभ्यासाला कधी चुकली नाही. पण चुलीकडच्या उबेच्या जागेत ती बसायची नाही. दाराशी, जिथे जमीन गार असते आणि फटीतून वारा येतो, तिथे बसायची. विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची. वाळवणांवर आता तिचं हसणं ऐकू येत नसे. बायका तिच्यासमोर घरचं काही बोलत नसत, ती आली की विषय बदलत. तिलाही ते ठाऊक होतं. ती आपली लांबची चटई धरून काम करायची. ओक्नाम तिला रताळी द्यायची, आजारपणात औषध द्यायची, तिच्या मुलाच्या नोकरीसाठी पाळकांकडे शब्द टाकायची. लोक म्हणायचे, मालिमला सांभाळावं तर ताईंनीच.

यॉनसिल आजीकडे वाढली. आईसारखाच गळा होता तिचा. वाचायला लागली, देवळात गाऊ लागली, आणि मोठी झाल्यावर बायकांच्या अभ्यासालाही यायला लागली. मालिमच्या हातचा वाडगा मात्र ती घ्यायची नाही. दुसरीनं दिला तर घ्यायची. उद्धटपणा नव्हता त्यात. नुसती मान वळवायची.

तिचं लग्न ठरलं ते शरद ऋतूत, गिमचं काम सुरू व्हायच्या आधी. तिची आजी तेव्हा थकली होती, म्हणून मंडळीतल्या बायकांनी ठरवलं की पोरीची रजई आपण शिवू. ओक्नामच्या घरी कापड पसरलं होतं, बायका सुया घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात दारात मालिम आली. डोक्यावर मोठं गाठोडं. तिच्या भावाचं मुख्य भूमीवर कापसाचं शेत होतं. तिथून दर वर्षी थोडा थोडा कापूस आणून, स्वतः सरकी काढून, पिंजून तिनं तो साठवला होता. "रजईत घाला," ती म्हणाली. "ऊब चांगली धरतो."

यॉनसिल उठली. गाठोड्याला हात न लावता म्हणाली, "मावशी, कापूस आहे आमच्याकडे."

"असेल गं. हाही वरून घाल. कधी वापरलेला नाही."

"नको. माझ्या आईनं मला पांघरूण घातलं असतं. तेवढंही तुम्ही राहू दिलं नाहीत. आता कापूस कशाला आणता?"

मालिम दोनदा मान हलवून "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणाली. गाठोडं उचलायला तिला त्रास होत होता. ओक्नामच तिच्या सर्वांत जवळ बसली होती. तिनं उठून ते तिच्या डोक्यावर ठेवून दिलं. दोघींचे चेहरे अगदी जवळ आले. मालिम हळूच म्हणाली, "उपकार झाले, ताई." आणि गेली.

ओक्नाम परत सुई घेऊन बसली. पण तिचा टाका वाकडा जायचा. ती उसवून पुन्हा घालायची, तो पुन्हा वाकडा जायचा. "ताई, उजेड कमी पडतोय का?" कुणीतरी विचारलं. तिनं नुसती मान हलवली. तो आठवडा तिनं कसा काढला तिलाच ठाऊक. तिचं पाप तिला आजवर ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते पाप म्हणजे केव्हातरी घडून गेलेली एक गोष्ट, असंच ती धरून चालली होती. ते गाठोडं तिनं स्वतःच्या हातानं मालिमच्या डोक्यावर ठेवलं तेव्हा तिला कळलं की ते घडून गेलेलं नाही, ती अजून रोज ते करते आहे.

पुढचा अभ्यास तिच्याच घरी होता. क्रमानं योसेफाच्या भावांचा अध्याय आला होता. भावाला विकून आणि बापाला तो मेला असं भासवून वर्षं झाली आहेत, दुष्काळात ते परक्या देशात धान्य मागायला आले आहेत, अडचणीत सापडले आहेत, आणि आपसात बोलतात की आपण त्याचा आक्रोश ऐकला होता आणि तरी कान दिला नाही, म्हणून हे आलं. ओक्नामनं वाचलं आणि पुस्तक मिटलं. नेहमीचा प्रश्न तिनं विचारला नाही.

यॉनसिल म्हणाली, "मला एक समजत नाही, मावशी. ते इतकी वर्षं बापाबरोबर एका ताटात जेवत होते. बाप रोज रडतोय हे बघत होते. घास कसा जात होता त्यांना?"

बायका ओक्नामकडे बघू लागल्या. अशा प्रश्नांना तिच्याकडे तयार उत्तर असायचं.

ओक्नाम म्हणाली, "मला आज काही सांगायचं आहे. पुष्कळ वर्षांमागे, मी नवीनच हा अभ्यास घ्यायला लागले होते, मला प्रार्थनेची फार कळकळ होती आणि..." ती थांबली. आपण कुठून सुरुवात केली हे तिचं तिलाच ऐकू आलं. कळकळ. तिनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले.

"हेसुनचं मी बोलले. दुकानवाल्या आजींना, देवळाच्या अंगणात. मालिम नाही बोलली. मालिम कधीच कुणाला बोलली नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तिच्यावर येऊ दिलं."

मग ओक्नामच्या शेजारची म्हातारी तिच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "जाऊ दे, ताई. किती जुनं ते. आपण सगळेच पापी. चला, एक गाणं म्हणू."

"नको," ओक्नाम म्हणाली. "सगळ्यांचं नाही हे. माझं आहे."

यॉनसिल उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती ओक्नामकडे बघत होती, जिनं तिला सर्दीखोकल्यात वाफ दिली होती, अक्षरं शिकवली होती, देवळात पहिल्यांदा गायला उभं केलं होतं. तिनं पायात चपला अडकवल्या आणि गेली. दार उघडंच राहिलं.

दाराशी मालिम बसली होती. ती कुणाकडे बघत नव्हती. जमिनीवर हात फिरवत होती, जणू तिथे काही सांडलं होतं.

"म्हणजे मी नाही बोलले?" तिनं विचारलं.

"नाही, मालिम."

"खरंच नाही?"

"नाही गं."

मालिम म्हणाली, "मला आठवतच नव्हतं ना. सुरुवातीला वाटायचं, मी नाही बोलले. पण सगळे म्हणाले. मला माझं तोंड माहीत होतं. मग मला वाटायला लागलं, बोलले असेन. कधीतरी, वाळवणांवर, हसता हसता निघून गेलं असेल. कुणापाशी ते मात्र आठवायचं नाही. मी पुष्कळ आठवून बघितलं. रोज पहाटे मी त्याचीच माफी मागत होते, ताई. हेसुनची, त्या पोरीची. तुम्ही माझ्या शेजारीच गुडघे टेकायचात."

ओक्नामनं कपाळ जमिनीला टेकवलं. मालिम तिच्याजवळ आली नाही. ती भिंतीला धरून उठली आणि सावकाश घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाळक मिन आले. तरुण, सरळ माणूस. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. ते समोर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. "सेविकाबाई, इतक्या वर्षांनी, या वयात, सगळ्यांसमोर. अशी नम्रता मी पाहिली नाही. रविवारी मी उपदेशात हे सांगणार आहे. तरुणांनी शिकण्यासारखं आहे."

"सांगू नका," ओक्नाम म्हणाली.

"का? तुमचं नाव घेत नाही हवं तर."

"नाव घेतलं नाही तरी कळेल. मग लोक दारात येऊन म्हणतील, ताई, तुम्ही थोर. मी चूक केली तेव्हाही मलाच मान, सांगितली तरी मलाच मान. मालिमला काय?"

पाळकांनी मान खाली घातली. "मग काय करू?"

"एवढंच सांगा की मालिम बोलली नव्हती. तिचं नाव घेऊन सांगा, मोठ्यानं सांगा. आणि अभ्यास दुसऱ्या कुणाला द्या."

रविवारी त्यांनी तेवढंच सांगितलं. गावात काही दिवस मालिमच्या दारात रीघ लागली. कुणी मासे आणले, कुणी भोपळा. ज्या बायका तिला बघून विषय बदलायच्या त्या तिच्या पडवीत बसून घरचं सगळं सांगू लागल्या. मालिम हं हं करत ऐकायची. पूर्वीसारखं ती बोलेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती बोलली नाही. बोलायची सवयच गेली होती. एकदा ओक्नाम तिच्याकडे गेली, अंगणातच उभी राहिली. मालिम जाळं दुरुस्त करत होती.

"बसा," मालिम म्हणाली.

ओक्नाम बसली. बरंच काही ठरवून आली होती, त्यातलं काही आठवेना. "मालिम, मी..."

"माफ केलं म्हणायला सांगू नका, ताई. आज नाही. म्हणाले तर खोटं होईल. मी आयुष्यभर एका न केलेल्या गोष्टीसाठी रडले, आता आणखी एक खोटं नको."

"नाही सांगणार."

"ते टोक धरा," मालिम म्हणाली. ओक्नामनं जाळ्याचं टोक धरलं. दोघी संध्याकाळपर्यंत गाठी मारत राहिल्या.

यॉनसिलनं रजई उसवली आणि मालिमकडून गाठोडं मागून नेलं. लग्नात तिनं आईच्या जागी मालिमला बसवलं. ओक्नामला बोलावणं नव्हतं. ती घरी बसली. देवळातून गाण्याचा आवाज येत होता तेव्हा तिनं दार लावून घेतलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं मालिमचा मुलगा तिला दूर बुसान शहरात घेऊन गेला. निघायच्या दिवशी ती ओक्नामच्या दारावरून गेली, थांबली, "थंडीत पाय गार ठेवू नका, ताई," म्हणाली आणि धक्क्याकडे वळली. माफ केलं की नाही ते ओक्नामला कधी कळलं नाही. पुढल्या वसंतात बुसानहून बातमी आली की मालिम झोपेतच गेली.

ओक्नाम म्हातारी झाली. अभ्यासाला ती जायची, पण वाचायची दुसरीच कुणी. शेवटी तो नेहमीचा प्रश्न आला की ती गप्प बसायची, आणि तिला बोलायचा आग्रह कुणी करत नसे. दुसऱ्या गावच्या मंडळीनं एकदा तिला नम्रतेवर चार शब्द बोलायला बोलावलं. तिनं नकार कळवला.

एका हिवाळ्यात, ऊन पडलं होतं म्हणून ती अंगणात चटया मांडत होती, तेव्हा यॉनसिल आली. पाठीला बाळ बांधलेलं. लग्नानंतर ती या अंगणात कधी आली नव्हती. ओक्नामनं हात पुसले. बसायला चटई दिली. यॉनसिलनं बाळाला सोडून मांडीवर घेतलं.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मला एक विचारायचं आहे. त्या दिवशी आई तुमच्याशी बोलली. मालिममावशींना मी विचारलं होतं, त्या म्हणाल्या, मी नुसती रडत होते गं, मला शब्द आठवत नाहीत, ताईंना आठवतील. आई काय म्हणाली होती? तिच्याच शब्दांत सांगा. काही गाळू नका."

ओक्नामनं सांगितलं. हेसुन दाराशी कशी बसली, तिनं पोलक्याच्या बंदाशी चाळा कसा केला, नवरा युद्धात कसा गेला, सासरे काय म्हणाले, पोराला आजीच्या मांडीवर ठेवून ती मागे न बघता कशी निघाली. दुधाचं सांगितलं. हे सगळं तिनं एकदा चुकीच्या माणसाला सांगितलं होतं. तेव्हा ते किती सोपं गेलं होतं.

बाळ यॉनसिलच्या बोटाशी खेळत होतं.

"त्या मुलाचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. "माझ्या भावाचं. आईनं नाव सांगितलं असेल ना?"

ओक्नाम बाळाकडे बघू लागली.

"सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," ओक्नाम म्हणाली. "नाव घेताना ती थांबली होती, तेवढं आठवतं. दोनदा घेतलं तिनं. पण मला नाव आठवत नाही, पोरी. मी लक्षात ठेवलंच नाही."

यॉनसिलनं वर बघितलं नाही. वारा सुटला होता आणि वाळत आलेल्या गिमच्या कडा चटईवरून उचलल्या जात होत्या. ओक्नाम उठून त्या दाबायला गेली नाही. यॉनसिल अजून बसली होती, आणि ती असेपर्यंत हलायचं नाही, असं ओक्नामनं ठरवलं.

"गावाचं नाव?" यॉनसिलनं थोड्या वेळानं विचारलं.

"गावाचं म्हणाली नाही. नदीकाठचं होतं. घरामागे पर्सिमनचं, केशरी फळांचं झाड होतं, त्याखाली तो खेळायचा."

"झाडाखाली," यॉनसिल म्हणाली. तिनं बाळाला परत पाठीला बांधलं, गाठ घट्ट केली, आणि निघताना वाकून नमस्कार केला, जसा कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला करतात तसा.